राणीशेजारची जागा

१

दर मंगळवारी अकरा वाजता अंध मंडळींची बस कॅथेड्रलच्या दक्षिण दाराशी थांबायची आणि ओब्दुलिया खांद्यावर टॉवेल टाकून पायरीवर उभी असायची. बावीस वर्षं ती इथं लोकांना थडगी दाखवत होती. एरवी निम्मा दिवस खेकसण्यात जायचा. दोरीच्या आत येऊ नका, थडग्यावर पिशव्या ठेवू नका, राणीच्या नाकाला बोट लावायची हौस घरी भागवा. मंगळवारी मात्र सगळं उलट. दोरी ती स्वतःच्या हातानं सोडायची आणि म्हणायची, "या, हात लावा."

त्याआधी कोमट पाण्यानं हात धुवायचे, अंगठ्या काढून ठेवायच्या. मग एकेकानं तिचं कोपर धरायचं आणि ती त्यांना मधल्या उंच दालनातून राजांच्या चॅपेलमध्ये न्यायची. तिथं सहा थडगी होती, पण हात लावायची परवानगी एकाच थडग्याला, राणी मेन्सियाच्या. दुधी दगडातली राणी पाचशे वर्षं उताणी निजली होती. डोक्याखाली गोंड्यांची उशी, छातीवर पोथी, पायाशी मुटकुळं करून बसलेलं कुत्रं. शिळा दोघांसाठी घडवलेली. राजा परमुलखात लढाईत पडला, त्याचं शरीर काही परत आलं नाही, आणि कारागिरांनी त्याची बाजू कोरी सोडली ती सोडलीच. गुळगुळीत, सपाट, पाटासारखी.

नोव्हेंबरातल्या त्या मंगळवारी गटात एक नवी बाई होती. साग्रारिओ तिचं नाव. सत्तरी ओलांडलेली, बुटकी, आणि बोटं अशी जाड की अंगठी निघता निघेना. प्रांताच्या मोठ्या इस्पितळात तिनं चाळीस वर्षं मालिश करण्यात आणि सांधे बसवण्यात घालवली होती. हाडवैद्यच म्हणायची.

बाकीचे राणीच्या उशीपाशी दाटीवाटीनं उभे होते. साग्रारिओ चाचपत दुसऱ्या बाजूला गेली. थोड्या वेळानं तिचा आवाज आला, "राजेसाहेबांचे पाय आत वळलेत की हो."

"म्हातारे, जिवंतपणी त्यांना हे सांगायची कुणाची छाती झाली नाही," एउतिमिओ म्हणाला. हा गटातला थट्टेखोर. "आता तू सांग."

"तिथं कुणी नाही, बाई," ओब्दुलिया म्हणाली. "ती बाजू रिकामी आहे."

"रिकामी? मग हे काय आहे, पाव?"

ओब्दुलियानं वळून पाहिलं. साग्रारिओचे हात शिळेवर नव्हतेच. शिळेच्या वीतभर वर, हवेत होते. तळवे खोलगट करून ती कशाच्या तरी भोवती फिरवत होती. अंगठा दाबत होती, टाचेचा गोल घेत होती, घोट्याशी थांबत होती. एक पाऊल झालं, मग दुसरं. कसलेल्या नटानं नक्कल करून दाखवली असती तरी इतकी बिनचूक जमली नसती.

एउतिमिओ आवाजाच्या रोखानं आला आणि त्यानं हात टाकला. फाट्‌कन सपाट दगडावर आपटला. "सपाट आहे! म्हातारी आपली फिरकी घेतेय."

सगळे हसले. साग्रारिओ हसली नाही. तिनं हात मागे घेतले आणि घागऱ्याला पुसले. बसमध्ये चढताना तिनं ओब्दुलियाचं कोपर जरा जास्तच घट्ट धरलं. "दगड गार होता, पोरी," ती हळूच म्हणाली. "पाय गार नव्हते."

२

म्हातारपण, ओब्दुलियानं ठरवून टाकलं. हाताच्या नसा थकतात, नसलेलं जाणवतं. तिच्या आईला शेवटी शेवटी पांघरुणावर मुंग्या दिसायच्या.

पुढच्या मंगळवारी बस लवकर आली. थंडी मरणाची होती, म्हणून ती सगळ्यांना समोरच्या कॅफेत घेऊन गेली. साग्रारिओ तिच्याशेजारी बसली. कॉफीचा एक घोट घेतला आणि म्हणाली, "तू बोलतेस माझ्याशी, पण तुझा आवाज माझ्याकडे वळत नाही, समोर जातो. मान धरलीय ना?"

"तीन वर्षं झाली. दिवसभर लोकांना छत दाखवायचं म्हणजे—"

"खांदे सैल सोड. त्या एउतिमिओकडे बघून काहीतरी वाईट बोल."

ओब्दुलिया हसली आणि त्याच क्षणी त्या जाड बोटांनी तिची मान फिरवली. कट्. कानाच्या आतच वाजलं. तीन वर्षांचं ओझं कुणीतरी उचलून बाजूला ठेवावं तसं झालं. ओब्दुलियाच्या डोळ्यांत पाणी आलं.

"तीन डॉक्टर झाले, साग्रारिओबाई. तीन!"

"डॉक्टर एक्स-रेची चित्रं बघतात. हाताला खोटं बोलता येत नाही."

हे वाक्य ओब्दुलियाला नंतर नको तेवढ्या वेळा आठवलं. कारण अर्ध्या तासानं साग्रारिओ पुन्हा शिळेच्या त्या बाजूला उभी होती, आणि या वेळी तिचे हात पावलांवर थांबले नाहीत.

"गुडघा वर घेतलाय त्यानं," ती पुटपुटली. "गेल्या वेळी पाय सरळ होता."

"दगड गुडघा वर घेत नाही, बाई."

"तेच तर म्हणतेय मी."

हात पुढे सरकत गेले. हवेत एक मांडी झाली, पोट झालं, बरगड्या झाल्या. ओब्दुलियाला बघवेना आणि नजरही हटवता येईना. खांद्याशी साग्रारिओ थांबली. तिचा चेहरा बदलला. घाबरल्यासारखा नाही, पदर खोचून कामाला लागणाऱ्या बाईचा होतो, तसा.

"उजवा खांदा उखळीतून निसटलाय," ती म्हणाली. "अगं, किती दिवस असाच पडलाय हा माणूस?"

३

दुपारी दीडला पाहुण्यांसाठी दारं बंद व्हायची. ओब्दुलिया चॅपेलमध्ये परत गेली. उंचावरच्या रंगीत काचांतून ढगाळ उजेड झिरपत होता. ती राजाच्या बाजूला उभी राहिली, आपल्यालाच हसली आणि डोळे मिटून दोन्ही हात खाली सोडले.

सपाट दगड. तिनं तो या टोकापासून त्या टोकापर्यंत चाचपला. हाताला काही म्हणजे काही लागलं नाही. फक्त मधोमध एका जागी, माणसाची पाठ टेकावी एवढ्या लांबीरुंदीत, दगड थंड नव्हता. कुणी नुकतंच उठून गेलेल्या खुर्चीवर आपण बसावं, तसा होता.

डोळे उघडून तिनं वर पाहिलं. ऊन? ऊन नव्हतं. खालून गरम पाण्याचा नळ? या बाजूला नळ टाकलेलाच नव्हता, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक? खाली होतं ते शाही तळघर. थडगी ज्यांच्या वाट्याला आली नाहीत ते सगळे तिथं होते. धाकटे राजे, टाकलेल्या राण्या, पाळण्यातच गेलेले राजपुत्र, एकावर एक रचलेल्या पेट्यांत. त्याचं लोखंडी दार उत्तरेच्या भिंतीत होतं, आणि ते वर्षातून एकदाच, नोव्हेंबरात मृतांच्या दिवशी उघडायचं.

ती तडक फादर लेआंद्रोंकडे गेली. ते शेगडीजवळ बसून संत्रं सोलत होते.

"फादर, मंगळवारचा हा हात लावायचा कार्यक्रम थांबवूया."

"का? कुणी राणीचं नाक मोडलं?"

तिनं सांगितलं. सगळं नाही, जेवढं सांगताना वेडगळ वाटलं नाही तेवढंच.

"ओब्दुलिया," फादर एक फोड तिच्यापुढे धरत म्हणाले, "बावीस वर्षांत तुला इथं एकदाही काही दिसलं नाही, म्हणून तर मला तू आवडतेस. दिसणाऱ्या बायांची इथं रांग लागते. बिशपसाहेब या कार्यक्रमावर खूश आहेत. एका म्हातारीच्या बोटांपायी मी तो बंद करू?"

तिनं फोड खाल्ली. आंबट होती.

४

डिसेंबरात, नाताळच्या सुट्टीआधीच्या मंगळवारी साग्रारिओ घरून टॉवेलची घट्ट गुंडाळी करून घेऊन आली. कोट काढून तिनं ओब्दुलियाच्या हातात दिला आणि बाह्या वर केल्या.

"नाही," ओब्दुलिया म्हणाली. "आज तुम्ही त्या बाजूला जायचं नाही."

"पाच मिनिटांचं काम आहे."

"तिथं कुणी नाही, साग्रारिओबाई! मी बघतेय ना. मला डोळे आहेत."

असं बोलायला नको होतं. 

"आहेत खरे," साग्रारिओ म्हणाली. "माझं ऐक. चाळीस वर्षांत दुखणारा माणूस तसाच टाकून मी कधी घरी गेले नाही. नवरा गेला त्या दिवशीसुद्धा दोन सांधे बसवून मग निघाले. आता सात वर्षं झाली, माझ्या हाताखाली कुणी आलेलं नाही. सकाळी उठते, कणीक मळते आणि टाकून देते, बोटं चालू राहावीत म्हणून. कुणी नसेल, तर मी हवेला मालिश करून घरी जाईन. तुझं काय जाईल?"

ओब्दुलियाच्या मानेला आता वेदना नव्हती. नकार द्यायला तोंड कुठलं आणायचं? ती बाजूला झाली, आणि बाकीच्यांना कळू नये म्हणून राणीच्या पोथीवरच्या नक्षीबद्दल मोठमोठ्यानं बोलत राहिली.

डोळ्याच्या कोपऱ्यातून तिला दिसत होतं. साग्रारिओनं टॉवेलची गुंडाळी हवेत, काखेत सरकवावी तशी सरकवली. गुंडाळी खाली पडली नाही. मग तिनं एक पाय थडग्याच्या कठड्याला टेकवला, दोन्ही हातांनी काहीतरी धरलं आणि अंगाचा सगळा भार मागे टाकला. धरलेलं काही नसतं, तर ती फरशीवर पाठीवर आपटली असती. ती आपटली नाही. ती तशीच तिरकी, ताणलेल्या दोरीसारखी उभी राहिली.

आणि आवाज झाला. जड, ओला, खोल. कमानीतून घुमत तो वरपर्यंत गेला.

राणीभोवतीचे सगळे हात जिथल्या तिथं थांबले.

"कुणाचं काय मोडलं?" एउतिमिओनं विचारलं. त्याच्या आवाजात थट्टा नव्हती.

साग्रारिओनं कपाळाचा घाम पुसला. टॉवेल शिळेवर पडलेला होता.

"बसला," ती समाधानानं म्हणाली.

खांदा की माणूस, हे ओब्दुलियानं विचारलं नाही.

५

सुट्टी संपली, नाताळानंतरचा तीन राजांचा सण झाला, जानेवारीतला दुसरा मंगळवार आला. साग्रारिओनं सरळ त्या बाजूला जाऊन हात टाकले. दोन्ही तळवे दगडावर सपाट पडले. तिनं सगळी शिळा चाचपली.

"गेला," ती म्हणाली, आणि हसली. "बरा झाला की निघाला. इस्पितळातही असंच. साधा निरोपही घेत नाहीत."

ओब्दुलियालाही हसू आलं, इतकं की डोळे पुसावे लागले. दोन महिन्यांत पहिल्यांदाच तिला चॅपेलची थंडी नुसती थंडी वाटली. म्हातारीच्या मनात एक रोगी होता, तो बरा होऊन गेला. संपलं. आवाजाचं काय, जुनी इमारत आहे, दगड आवाज करतात.

एउतिमिओला कुत्र्याचे कान पुन्हा बघायचे होते. तिनं त्याचा हात धरून कानावर ठेवला, मग दुसऱ्या कानावर. "एका कानाचा टवका उडालाय," तो म्हणाला. "लढाईत?" "नाही, झाडूवालीच्या बादलीनं," ती म्हणाली, आणि मान वर केली.

साग्रारिओ चॅपेलमध्ये नव्हती.

ती मधल्या दालनात होती. खांबांच्या रांगेतून, उजेडाच्या पट्ट्यांतून, कॅथेड्रलच्या उत्तरेकडे चालली होती. पांढरी काठी घडी करून काखेत मारलेली. डावा हात वाकवून पुढे धरलेला, बोटं कुणाच्या तरी कोपरावर असावीत तशी मिटलेली. ओब्दुलियाबरोबर चालताना ती जशी चालायची तशीच, निर्धास्त, पाव पाऊल मागे. आणि ती बोलत होती. तिचा आवाज तिथपर्यंत येत होता.

"...मग म्हटलं, पोरी, आज इतकी गप्प का गं तू?"

तिच्या बाजूला कुणी नव्हतं.

"साग्रारिओबाई!" ओब्दुलिया ओरडली.

साग्रारिओ थांबली. तिनं मान आवाजाकडे वळवली, दूर, चॅपेलकडे. मग हळूहळू ती परत आपल्या बाजूच्या रिकाम्या जागेकडे वळली. तिचं तोंड उघडं राहिलं. तिनं हात काढून घ्यायचा प्रयत्न केला. हात निघाला नाही.

त्यांच्यासमोर उत्तरेच्या भिंतीतलं लोखंडी दार उघडं होतं.

ओब्दुलिया धावली. बावीस वर्षांत ती या फरशीवर कधी धावली नव्हती. ती पोचली तेव्हा साग्रारिओचं एक पाऊल पहिल्या पायरीवर होतं आणि हात पुढे अंधारात ताणलेला. ओब्दुलियानं तिला कमरेपाशी धरलं आणि मागे ओढलं. तेव्हा तिला कळलं की पलीकडूनही ओढलं जातंय. जोरात नाही. घाईही नाही. चला, अहो चला, असं.

आणि तिनं साग्रारिओच्या हाताकडे पाहिलं. त्या जाड, म्हाताऱ्या हाताच्या पाठीवर, शिरांच्या आडवे, चार खळगे पडले होते. कातडी आत दबून पांढरी झाली होती. खळगे उठले, कातडी भरून आली, पुन्हा दबले. पुन्हा उठले. पुन्हा दबले. कुणी समजूत घालताना थोपटावं, तसं.

मग हात सुटला. दोघी फरशीवर पडल्या. ओब्दुलियानं डोकं वर केलं तेव्हा लोखंडी दार बंद होतं. तिनं कडी ओढून पाहिली. कुलूप होतं. किल्ली फादर लेआंद्रोंच्या खणात होती. त्यांनी नंतर काढून दाखवली, आणि काहीच विचारलं नाही.

६

कॅफेत साग्रारिओनं बडीशेपेच्या दारूचे दोन पेले घेतले. हातावरचे चार डाग जांभळे होत चालले होते. ती त्यांवरून सारखं दुसऱ्या हाताचं बोट फिरवत होती.

"घाबरलात?" ओब्दुलियानं विचारलं. तिचे स्वतःचे दात वाजत होते.

"तू ओरडलीस तेव्हा घाबरले. त्याआधी नाही." साग्रारिओनं पेला खाली ठेवला. "तुला सांगू? इस्पितळात रोगी असंच करायचे. एकाचा सांधा बसवला की तो माझा हात धरून घेऊन जायचा. बाई, जरा इकडे या. माझ्या आईला बघा. माझ्या भावाला बघा."

"बस करा."

"खाली किती जण आहेत, पोरी?"

"साग्रारिओबाई, माझ्या गळ्याची शपथ घ्या. पुन्हा इथं पाऊल टाकायचं नाही. बसमधून उतरायचंसुद्धा नाही."

"घेतली."

"अशी नाही. माझ्या मानेवर हात ठेवून घ्या."

साग्रारिओनं हात लांब केला आणि तिच्या मानेवर ठेवला. नेमका तोच सांधा तिनं शोधला, ज्यावर उपचार केला होता. "घेतली," ती म्हणाली. पण तिचा चेहरा ओब्दुलियाकडे नव्हता. रस्त्यापलीकडे, कॅथेड्रलच्या पार पलीकडच्या उत्तर भिंतीच्या रोखानं होता.

७

फेब्रुवारीच्या दुसऱ्या मंगळवारी बसमधून सगळे उतरले. आधीच्या मंगळवारांसारखीच साग्रारिओ आजही नव्हती. ओब्दुलियाला बरंच वाटलं.

"म्हातारी कुठंय?" एउतिमिओनं मात्र विचारलं. "ती तर म्हणाली होती, मी सकाळच्या बसनं पुढे जाते."

सकाळच्या बसचा चालक दुपारी चौकात सापडला. हो, एक आंधळी बाई होती. कॅथेड्रलच्या उत्तर दाराशी उतरवा म्हणाली. बाह्या आधीच वर केलेल्या, एवढ्या थंडीत.

"तिला न्यायला कुणी आलं होतं?"

चालक विचारात पडला. "आलं असेल. तिनं हात पुढे केला आणि चालायला लागली. कुणी असल्याशिवाय आंधळं माणूस तसं चालेल का?"

पोलीस आले. फादर लेआंद्रोंनी लोखंडी दार उघडलं. कंदील घेऊन सगळे खाली उतरले. पेट्या होत्या तशाच होत्या. पायऱ्यांवर नोव्हेंबरपासूनची धूळ होती आणि पहिल्या पायरीखाली तिच्यावर एकही पाऊल उमटलेलं नव्हतं. नदी धुंडाळली, विहिरी धुंडाळल्या. तिच्या घरी ओट्यावर मळून ठेवलेली कणीक सापडली, एवढंच. मंगळवारचा कार्यक्रम बंद झाला, कुणीही न सांगता. ओब्दुलियानं तिकिटाच्या खिडकीवर बदली मागून घेतली. तिथून उत्तरेची भिंत दिसत नाही.

ईस्टरआधीच्या उपासाच्या चाळीस दिवसांतली एक दुपार होती. दीड वाजला, पाहुणे गेले. फादरांनी तिला मेणबत्त्यांचं खोकं पलीकडच्या वेदीवर ठेवायला सांगितलं. ते ठेवून परत येताना ती लोखंडी दारापाशी थांबली. का थांबली, हे तिला सांगता आलं नसतं. आतून काहीतरी वाजलं होतं. जड, ओलं, खोल. मग शांतता. आणि पुन्हा.

ती पुढे झाली आणि तिनं कान दाराला लावला. लोखंड गार नव्हतं.

बराच वेळ काही नाही. मग खूप खालून साग्रारिओचा आवाज आला. दमलेला, घसा बसलेला, पण हातातल्या कामात पुरता गुंतलेला.

"हं. पुढचं कोण?"

आणि दाराला अगदी लागून, तिच्या कानापासून बोटभर अंतरावर, कितीतरी अनवाणी पावलं एकेक पायरी खाली सरकली.